आधी घेतलेल्याचं काय?

मोबाइलच्या धंद्यात किंमत उतरल्याची बातमी बहुतेक वेळा संध्याकाळी येते. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तक्ता पडतो. मॉडेल, जुनी किंमत, नवी किंमत, उद्यापासून लागू. त्याखाली आम्हा दुकानदारांसाठी एक ओळ असते: शिल्लक मालाचे आयएमईआय आज रात्रीपर्यंत पाठवा. मग मी कपाटातले खोके खाली काढते, एकेका खोक्यावरची पट्टी स्कॅन करते आणि त्या आयएमईआयची, म्हणजे प्रत्येक फोनच्या वेगळ्या पंधरा आकडी नंबरांची, यादी पाठवते. कुठला फोन सुरू झालाय आणि कुठला अजून खोक्यात झोपलाय, हे कंपनीला तिच्या संगणकावर दिसतं. जो सुरू झालेला नाही, त्याच्या जुन्या-नव्या किमतीतला फरक क्रेडिट नोट होऊन आमच्या खात्याला जमा होतो. कधी लवकर, कधी दोन-दोन महिने मागे लागून, पण होतो.

सांगलीत हरभट रोडच्या जवळ आमचं दुकान आहे. गिऱ्हाईक आमचे हे बघतात, हिशेब माझ्याकडे. त्यामुळे ‘ड्रॉप आला’, म्हणजे किंमत उतरली, हे शब्द आमच्या घरात जेवतानासुद्धा ऐकू येतात. ही व्यवस्था चांगली आहे, आणि ती नसती तर आमच्यासारख्या दुकानांनी नवा माल भरायचं धाडसच केलं नसतं. वीस फोन भरले आणि चार दिवसांनी प्रत्येकामागे तीन हजार उतरले, तर दुकानाच्या सहा महिन्यांच्या नफ्यावर पाणी पडतं. कंपनीला हे कळतं, म्हणून ती आम्हाला सांभाळून घेते.

फक्त त्या यादीत एक माणूस कधीच बसत नाही. ज्याने तोच फोन आदल्या आठवड्यात, पूर्ण किंमत मोजून, आमच्याच काउंटरवरून नेला, तो.

पलूसकडचा एक तरुण आहे. वडिलांची द्राक्षबाग. नवा फोन बाजारात आला की पहिल्या लॉटमधला आपल्याला पाहिजे, असं म्हणणाऱ्यांपैकी. दोन हजार भरून बुकिंग केलं, फोन आला त्या दिवशी भर दुपारी मोटारसायकलवरून येऊन घेऊन गेला. सत्तावीस हजार नऊशे नव्व्याण्णव. महिनाभराने ड्रॉप आला आणि तोच फोन चोवीस हजार नऊशे नव्व्याण्णवला झाला. दुसऱ्या दिवशी मी राहिलेले खोके स्कॅन करत बसले होते, तेव्हा तो दुकानात आला. काही न बोलता काउंटरला टेकून माझ्या हाताकडे बघत राहिला.

“वैनी, ह्यो कसला नंबर घेताय?”

मी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“म्हंजे ह्या खोक्यांचं तीन-तीन हजार तुम्हास्नी कंपनी देणार?”

“हो.”

“आन माझ्या फोनचं?”

मी गप्प झाले. तोच पुढे बोलला. आवाज चढवला नाही. “तीन हजाराचं न्हाई ओ वैनी. तीन हजार एका फवारणीला जात्यात. मी गावात धा जणांस्नी फोन दावला. कॅमेरा दावला, बॅटरी किती टिकती ती सांगितली. चौघांस्नी तुमच्याच दुकानात लावून दिलं. त्यातला एक सकाळी येऊन घिऊन गेला न्हवं का? तीन हजारानं सवस्त. आता त्यो पारावर बसून मला शाना म्हणतोय.”

आमच्या ह्यांनी त्याला टेम्पर ग्लास आणि बॅक कव्हर देऊ केलं. त्याने घेतलं, कारण नाही म्हणणं त्याला बरं दिसेना. पण तो ज्यासाठी आला होता ते हे नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. सगळ्यात गाजलेलं उदाहरण अ‍ॅपलचं. पहिला आयफोन अमेरिकेत २९ जून २००७ रोजी विक्रीला आला. चार जीबीचा ४९९ डॉलरला, आठ जीबीचा ५९९ डॉलरला. लोक दुकानांबाहेर रात्र-रात्र रांगेत बसले. आणि ५ सप्टेंबरला, म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांत, कंपनीने आठ जीबीच्या फोनची किंमत एकदम ३९९ वर आणली आणि चार जीबीचा फोन बंदच करून टाकला. ज्यांनी रांगा लावल्या होत्या ते भडकले. आज सकाळी घेतला असेल तर दुकानात जाऊन बोला, महिन्यापूर्वी घेतला असेल तर तंत्रज्ञानात हे असंच चालायचं, अशा अर्थाचं कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स आधी बोलले. पण दुसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबरला, त्यांनी ग्राहकांना उद्देशून खुलं पत्र लिहिलं. शेकडो ग्राहकांच्या ईमेल आल्याचं मान्य केलं. किंमत कमी करणं योग्यच होतं, यावर ते ठाम राहिले. तरी सुरुवातीला विश्वास ठेवून फोन घेणाऱ्यांची काळजी आपण घ्यायला हवी होती, असंही लिहिलं आणि अशा प्रत्येकाला अ‍ॅपलच्या दुकानात वापरता येईल असं १०० डॉलरचं क्रेडिट देऊ केलं.

फरक होता २०० डॉलरचा, मिळाले १०० आणि तेही रोख नव्हेत. तरीही राग बराच निवळला. मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. नुसत्या पैशाचं भांडण असतं तर अर्ध्यावर कुणाची समजूत पटली नसती.

मग राग नेमका कशाचा असतो?

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. हळदीचा बाजार मी लहानपणापासून बघितलाय. राजापुरी हळदीचे ढीग लागलेले, कुणी एक हळकुंड मोडून आतला रंग बघतोय, कुणी वास घेतोय आणि सौदा ढिगाढिगावरून पुढे सरकतोय. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या जमिनीत पेवं असायची, खोल खड्डे, त्यांत हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय टिकायची. २००५च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि फार मोठं नुकसान झालं. ही पेवं होती कशासाठी? दर पडला तर थांबता यावं म्हणून. दर चढतो आणि पडतो, हे आमच्या गावाला कुणी शिकवायला लागत नाही. इथे हळदीचा वायदेबाजारही पिढ्यान्‌पिढ्या चालला.

चढ्या दराने घेतलेली हळद आठवड्यात उतरली म्हणून अडत्याच्या दारात भांडायला आलेला व्यापारी मी पाहिला नाही. कपाळाला हात लावायचे, चहा मागवायचे, पुढच्या आवकेचं बोलायचे. दर कुणा एकाच्या तोंडून आलेला नसायचा. निजामाबादच्या हळदबाजारात काय झालं, पाऊस कुठे पडला, परदेशातून किती मागणी आली, अशा हजार ठिकाणांहून तो बनायचा. नुकसान व्हायचं, पण ते कुणी केलेलं नसायचं. आवाज चढायचे ते एकाच प्रसंगी. दर पडणार याची एखाद्याला आधीच बातमी होती, त्याने ती दाबून ठेवली आणि तेवढ्यात आपला माल समोरच्याच्या गळ्यात मारला, असा नुसता संशय जरी आला, तरी त्या माणसाशी पुढे कितीतरी वर्षं व्यवहार व्हायचा नाही.

फोनची किंमत मात्र एकाच ठिकाणी ठरते. बुकिंगच्या पहिल्या दिवशी कंपनीला पुढच्या ड्रॉपची कल्पना नसेलही, मी ते मानते. पण तक्ता ग्रुपवर पडायच्या आदल्या चार दिवसांत तरी ती असणारच. त्या चार दिवसांतही आमच्या काउंटरवर जुन्या किमतीने बिलं फाटत असतात. विकणाऱ्या आम्हाला काही माहीत नसतं, घेणाऱ्याला तर नसतंच, आणि ज्यांना असतं ते बोलत नाहीत. पलूसच्या त्या मुलाला जे लागलं ते हे होतं. त्याने बाजाराशी पैज लावली नव्हती. विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

किंमत कशी वाजवी आणि कशी गैरवाजवी, याचे काही नियम माणसांच्या मनात पक्के असतात. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर या तिघा अभ्यासकांनी कॅनडात लोकांना एक प्रश्न विचारला होता. एका दुकानात बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला मिळतं. मोठी हिमवृष्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराने ते २० डॉलर केलं. हे बरोबर की चूक? ८२ टक्के लोकांनी ते गैर ठरवलं. पाच डॉलर म्हणजे फार नव्हेत. समोरच्याची अडचण ओळखून त्याने तसं केलं, हे लोकांना खटकलं. किंमत उतरते तेव्हाही माणूस नकळत हेच तपासतो: माझ्या उत्साहाचा याने फायदा घेतला का?

उत्साहाने पहिल्यांदा घेणाऱ्याकडे आपल्याकडे जरा हसूनच बघतात. मला ते पटत नाही. आमच्या जिल्ह्याला तर ते मुळीच शोभत नाही, कारण इथली अर्धी श्रीमंती पहिल्यांदा करून बघणाऱ्यांनी आणली आहे. तासगाव, पलूस, मिरजेच्या पूर्वेचा भाग, इथे द्राक्षं, ठिबक, नवनव्या जाती, बेदाण्याची शेडं, हे सगळं आधी कुणीतरी एकट्याने केलं आणि बाकीचे बांधावर उभं राहून बघत होते. नवी गोष्ट समाजात कशी पसरते याचा जो अभ्यास आज कंपन्यांच्या मार्केटिंगवाल्यांना तोंडपाठ असतो, त्याचं मूळही शेतातच आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका शेतकऱ्यांनी कसा स्वीकारला, याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांचा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्याच आयोवातल्या शेतकरी घरात वाढलेल्या एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये पुढची मांडणी केली. अगदी पहिले अडीच टक्के, त्यांच्यामागचे साडेतेरा टक्के, मग उरलेले सगळे. फोन विकणाऱ्या कंपन्या ज्या पहिल्या ग्राहकांवर डोळा ठेवून असतात, ते हेच सोळा टक्के.

आयोवाच्या त्या अभ्यासातली एक गोष्ट मला फार आवडते. पहिल्यांदा संकरित बी घेणाऱ्यांनीही सगळं रान त्याच्याखाली घातलं नव्हतं. आधी एक तुकडा पेरला, अनुभव घेतला, मग वाढवलं. आमच्याकडचा शेतकरीही चार ओळी लावून बघतो. फोन चार ओळींत घेता येत नाही. पहिल्या दिवशी घ्यायचा तर पूर्ण किमतीनेच.

दुसरा फरक त्याहून मोठा आहे. द्राक्षात आगाप छाटणी घेणारा पावसाचा धोका पत्करतो. फुलोऱ्यात पाऊस लागला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो आणि बाग हातची जाते. कित्येकांची गेली आहे. पण ज्याची तरली त्याचा माल सगळ्यांच्या आधी बाजारात येतो आणि त्याला दरही सगळ्यांपेक्षा जास्त मिळतो. आधी जाण्याचा धोका त्याचा आणि फायदाही त्याचाच. नव्या फोनमध्ये धोका पहिल्या ग्राहकाचा असतो, फायदा मात्र दुसऱ्यांकडे जातो. फोन तापतो हे त्याला आधी कळतं. अपडेट आल्यावर बॅटरी उतरायला लागते, तेही त्याच्याच खिशात. तो तक्रार करतो, सर्व्हिस सेंटरला चकरा मारतो, कंपनी दोष दुरुस्त करते. मग तोच फोन निर्दोष होऊन, तीन हजार कमी किमतीत, मागून येणाऱ्याच्या हातात पडतो. तालुक्याच्या गावात तर पहिल्या फोनवाल्याइतकी खरी जाहिरात दुसरी नसते. फ्लेक्सवरच्या नटापेक्षा लोक पारावरच्या ओळखीच्या पोराचं ऐकतात. एवढं काम त्याच्याकडून होतं आणि त्याची नोंद कुठेच नसते.

नोंद घेतल्याने काय होतं, हे बघायचं तर निन्टेन्डोकडे बघावं. हातात धरून खेळायचं त्यांचं थ्रीडीएस हे यंत्र फेब्रुवारी २०११ मध्ये जपानात २५,००० येनला आणि मार्चमध्ये अमेरिकेत सुमारे २५० डॉलरला आलं. खप अपेक्षेइतका झाला नाही. जुलैच्या शेवटी कंपनीने जाहीर केलं की ऑगस्टपासून जपानात १५,००० येन आणि अमेरिकेत सुमारे १७० डॉलर. यंत्र येऊन सहा महिनेही झाले नव्हते. कंपनीचे प्रमुख सातोरू इवाता यांनी जपानी ग्राहकांसाठी पत्र लिहिलं. ज्यांनी आपल्यावर भरवसा ठेवून आधी खरेदी केली त्यांना फसवल्यासारखं वाटेल, याची जाणीव त्यात स्पष्ट होती. त्यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. आणि आधीच्या ग्राहकांसाठी कंपनीने एक योजना काढली. किंमत उतरायच्या आधी ज्यांनी आपलं यंत्र एकदा तरी कंपनीच्या ऑनलाइन दुकानाला जोडलं असेल, त्या सगळ्यांना वीस जुने खेळ फुकट. दहा खेळ सप्टेंबरपासून, उरलेले दहा खेळ ते वर्ष संपायच्या आत. त्या ग्राहकांना ‘अ‍ॅम्बॅसडर’ म्हटलं गेलं.

यात एक बारकावा आहे. नंतरचे जे दहा खेळ होते, ते त्या यंत्रासाठी पुढे कधीच विकायला ठेवले गेले नाहीत. ज्याने किंमत उतरायच्या आधी जास्त पैसे मोजले, त्याच्याकडेच ते राहिले. म्हणजे स्वस्तात घेणाऱ्यापेक्षा महागात घेणाऱ्याकडे कायमचं काहीतरी जास्तीचं होतं आणि ते दाखवता येत होतं. तो मागे पडलेला, फसलेला माणूस उरला नाही. जुने खेळ वाटायला कंपनीला फारसा खर्चही आला नसणार. पुढे ते यंत्र साडेसात कोटींहून जास्त खपलं. त्या योजनेमुळेच खपलं असं मी म्हणणार नाही, किंमत उतरली हे कारण मोठं आहेच. पण ज्यांच्या जिवावर पहिले सहा महिने निघाले त्यांना कंपनीने वाऱ्यावर सोडलं नाही, हे त्यांच्या लक्षात राहिलं.

आमच्या कंपनीच्या माणसाला मी हे सांगितलं होतं. तो दर मंगळवारी डिस्प्ले बघायला येतो, भला मुलगा आहे. म्हटलं, न विकलेल्या फोनची यादी तुम्ही आमच्याकडून मागता. विकलेला फोन कुठल्या तारखेला सुरू झाला, ते तर तुमच्याकडेच असतं. मागच्या तीस दिवसांत सुरू झालेल्यांना तीन हजार नको, हजाराचं कूपन द्या, नाहीतर वॉरंटी सहा महिने वाढवून द्या. त्याला कुठल्या दुकानदाराची सहीसुद्धा लागणार नाही. तो म्हणाला, “वहिनी, तुमचं पटतंय. पण आमच्याकडे तशी पॉलिसी नाही.” वरती कळवतो म्हणाला. त्याने कळवलंही असेल.

किंमत उतरूच नये, असं माझं म्हणणं मुळीच नाही. उतरलीच पाहिजे. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडायचे आणि हँडसेट घेणं मोजक्यांनाच जमायचं. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, त्याच वर्षी ५०१ रुपये भरून हँडसेट मिळायला लागले. आज कारखान्यावर ऊसतोडीला आलेली बाई फडाच्या कडेला बसून बीडच्या गावाकडे ठेवलेल्या लेकराशी व्हिडिओवर बोलते, ती किंमती उतरल्या म्हणून. आमच्या दुकानातून असे फोन गेलेत आणि ते विकताना झालेला आनंद महागड्या फोनच्या नफ्यात नाही. पण किंमत खाली यायला आधी कुणीतरी चढ्या किमतीने घेतलेलं असावं लागतं. तो कुणीतरी हवेतून येत नाही.

“वापरला ना महिनाभर? मग झालं तर,” असं म्हणणारेही भेटतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. महिनाभराच्या वापराला, सगळ्यांच्या आधी मिळण्याला काही मोल असतंच. सहा महिन्यांनी किंमत उतरली तर आमच्याकडे कुणी येतही नाही. वर्षभराने तर विचारतसुद्धा नाहीत. माणसं समंजस असतात. त्यांच्या मनात एक मुदत असते, कुठे लिहिलेली नाही पण सगळ्यांना ठाऊक असलेली. तिच्या आत उतरली तर लागतं, नंतर उतरली तर चालतं. कायद्याने छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, पण आज विकून उद्या कमी करू नका असं सांगणारा कायदा नाही, आणि मला तो नकोही आहे. हे कायद्याचं कामच नाही.

गेल्या वर्षी याची दुसरी बाजू बघायला मिळाली. १५ ऑगस्ट २०२५ ला जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, ते लागू झाले. एसी आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही २८ टक्क्यांवरून १८ वर आले, साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीही. ४०,००० रुपयांना पडणारा एसी साधारण ३६,८७५ ला येणार. मधल्या त्या महिन्याभरात आमच्या शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे शुकशुकाट होता. भर गणपतीत, २७ ऑगस्टला चतुर्थी असताना, लोक येऊन टीव्ही बघायचे, किंमत विचारायचे आणि “कर उतरला की येतो” म्हणून निघून जायचे. आमच्याकडेही विचारायला आले. मोबाइलवर कर २०२० पासून १८ टक्केच आहे, तो बदललेला नाही, हे सांगता सांगता आमच्या ह्यांचा घसा बसला.

रोनाल्ड कोस नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हेच मांडलं होतं. टिकाऊ वस्तू विकणारा पुढे किंमत उतरवणार हे गिऱ्हाइकाला कळलं, की गिऱ्हाईक थांबतं, आणि मग विकणाऱ्याची स्पर्धा त्याच्या स्वतःच्याच उद्याशी होते. कंपन्या आधी का बोलत नाहीत, हे यावरून समजतं. आधी सांगितलं तर खप थांबेल. त्यांची ही अडचण खरी आहे, मी ती उडवून लावत नाही.

पण मला त्या महिन्यातली दुसरी गोष्ट जास्त लक्षात राहिली. गणपतीच्या आधी मोठा टीव्ही घेतलेले काहीजण शेजारच्याकडे आले होते. हळहळले, पण चिडलं कुणी नाही. बातमी सगळ्यांना एकदमच कळली होती. कर घटणार हे त्यांनीही टीव्हीवर ऐकलं होतं, तरी बाप्पा घरात असताना नवा टीव्ही हवा म्हणून त्यांनी घेतला. निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी सगळं माहीत असताना घेतला होता. तीन हजार त्यांचेही गेले, पलूसच्या त्या मुलाचेही गेले. रक्कम सारखीच, आणि तरी एक माणूस हळहळतो, दुसरा दुखावतो.

आगाऊ सांगणं कंपन्यांना जमत नसेल, तर नंतर भरून देणं तरी त्यांनी जमवावं. दोन्हीही करणार नाही म्हटलं, तर पहिल्या दिवशी घेणारा माणूस हळूहळू मिळेनासा होईल. तो मिळेनासा होताना आम्ही बघतोय. तीन-चार वर्षांपूर्वी बुकिंगला पंचवीस नावं यायची, त्या फोनला आता सात-आठ येतात. बाकीचे सरळ सांगतात, “थांबतो की. उतरतोयच न्हवं का?” पलूसचा तो मुलगाही आता थांबणाऱ्यांत आहे. फोन घेतो आमच्याकडूनच, पण दिवाळी झाल्यावर. आणि त्याच्या गावातून चौघंजण येणं बंद झालं.

आमच्या हातात कंपनीचं धोरण नाही. काउंटर आहे. गेल्या पाडव्यापासून आम्ही एक ठरवलंय. बुकिंगचे पैसे घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगायचं: हा फोन पुढच्या दोन-तीन महिन्यांत उतरू शकतो. कधी आणि किती ते आम्हाला माहीत नाही, आम्हाला आदल्या संध्याकाळी कळतं. उतरला तर आमच्या शिल्लक मालाचा फरक आम्हाला मिळेल, तुमच्या फोनचा तुम्हाला मिळणार नाही. थांबायचं असेल तर थांबा, आम्ही फोन करून कळवू. आमचे दीर म्हणाले, असं सांगत बसलात तर दुकानाला कुलूप लागेल. पहिल्या महिन्यात दोघं-तिघं उठून गेलेही. त्यांना आम्ही नंतर ड्रॉप आल्यावर फोन केले, त्यातले दोघं आले.

परवा विश्रामबागेतले एक निवृत्त मास्तर आले होते, नातीला बारावीनंतर पुण्याला पाठवायचं म्हणून. आमच्या ह्यांनी त्यांना हे सगळं नेहमीप्रमाणे सांगितलं. मास्तरांनी नीट ऐकून घेतलं, नातीकडे बघितलं आणि विचारलं, “तुझं कॉलेज कधी सुरू होतंय?” ती म्हणाली, सोमवारी. मास्तरांनी पाकीट काढलं, नोटा मोजल्या आणि म्हणाले, “बिल करा. आणि उतरला तर मला कळवायचं विसरू नका, शेजाऱ्यांना घ्यायचाय.”

बिलाच्या पाठीमागे मी त्यांचा नंबर लिहून ठेवलाय.